वाचक विचारतात: सेवेसाठी केनियाला निघताना

प्रश्न: आमच्या चर्चच्या मंडळीने मला आणि पत्नीला पश्चिम केनियात, किसुमूजवळ, दोन वर्षांच्या सेवेसाठी पाठवायचं ठरवलं आहे. जूनमध्ये निघायचं म्हणतो. दोघंही पहिल्यांदाच परदेशी जातोय. तयारी कुठून सुरू करावी?
– एक पाळक, ता. धारणी

उत्तर: पाळकसाहेब, आधी कागद. जानेवारी २०२४ पासून केनियात व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन मिळणारी प्रवास-परवानगी, घ्यावं लागतं, पण ते पाहुण्यांसाठी. त्यावर दोन वर्षं राहून सेवा करता येत नाही. मिशनरी कामाला ‘आय’ वर्गाचं वर्क परमिट लागतं आणि त्यासाठी तुम्हाला बोलावणारी मंडळीच तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करते. अर्जाला त्या मंडळीचं नोंदणी प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याची प्रत आजच मागवून बघा. “आधी या, मग बघू” असं कोणी कितीही प्रेमानं म्हणालं, तरी परमिट मंजूर होईस्तोवर तिकीट काढू नका.

मग पिवळ्या तापाची लस. ही गावच्या पीएचसीत मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्यावी लागते. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या, कारण दाखला त्यानंतरच ग्राह्य धरतात. एकदा घेतली की जन्मभर चालते. दाखल्याची पुस्तिका पासपोर्टसोबतच ठेवा. ती नसेल तर भारतात परतताना विमानतळावर ६ दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची अॅलर्जी असेल, वय साठीच्या पुढे असेल किंवा पत्नी गरोदर असतील तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा.

सामानात स्वेटर हवाच. जूनमध्ये आपल्याकडे अंगाची लाही होत असते, म्हणून तो घरीच राहतो. नैरोबी चिखलदऱ्याहूनही उंच, सुमारे १,७०० मीटरवर आहे आणि जून-जुलै हे तिथले थंडीचे महिने. किसुमू त्या मानानं उबदार. तिखट, मसाला, डाळ कॅरीबॅगेत बांधू नका. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे. कापडी पिशव्या, स्टीलचे डबे घ्या. तिथल्या सॉकेटला चौकोनी तीन पिना लागतात, आपल्या गोल पिना बसत नाहीत. दोन अॅडॉप्टर पुरेत.

प्रश्न: आमच्या धानोरा भागात मलेरिया नेहमीचाच, मलाही लहानपणी झाला आहे. तरी केनियाला जाताना गोळ्या घ्याव्यात का?
– एक सिस्टर, जि. गडचिरोली

उत्तर: होय सिस्टर, घ्याच. लहानपणी झालेल्या मलेरियाची ताकद अर्धवट असते आणि काळानं ओसरते. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी फॅल्सिपेरम हा घातक प्रकारचा मलेरिया फार आहे, आणि क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध तिथे उपयोगाचं नाही. डॉक्टर बहुधा डॉक्सीसायक्लीन १०० मिलिग्रॅम देतील: रोज एक गोळी, निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते मलेरियाचा भाग सोडल्यावर ४ आठवड्यांपर्यंत. चुकतं ते इथेच. घरी पोचलं की लोक गोळी सोडतात आणि रक्तात लपलेला आजार वर येतो. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवं होऊ नका; ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. या गोळीनं ऊन लवकर भाजतं, डोक्यावर ओढणी हवी. गरोदर बाईला ती चालत नाही, दुसरं औषध असतं. वर्ष-दोन वर्षं राहणार असाल तर गोळ्या किती काळ चालू ठेवायच्या, हेही डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

मच्छरदाणी औषध लावलेलीच घ्या आणि तिची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचा. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, उद्यावर टाकू नका. परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर पीएचसीत पहिलं वाक्य “मी आफ्रिकेहून आले” हेच असू द्या.

प्रश्न: पोचल्यावर पहिल्या आठवड्यात प्रचाराला लागावं का? भाषा येत नाही.
– एक प्रशिक्षणार्थी, जि. वाशीम

उत्तर: लागू नये. पहिले तीन महिने भाषा शिका, ऐका, भेटी घ्या. रोज सकाळी दोन तास शिक्षकाकडे बसा आणि संध्याकाळी तेच बाजारात बोलून बघा. घरी फोन करताना ध्यानात ठेवा, केनिया आपल्या अडीच तास मागे आहे.

स्वाहिली बोलणारे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १, आपले ९ म्हणजे ३. स्वाहिलीत “तीनला सभा” ऐकून दुपारी तीनला गेलात तर सभा सहा तासांपूर्वी सुरू झालेली असते. घड्याळात तासकाट्याच्या नेमका समोरचा आकडा वाचा, तोच त्यांचा तास. इंग्रजीत बोलताना मात्र तीच माणसं आपल्यासारखीच वेळ सांगतात, म्हणून दरवेळी “सकाळी की दुपारी” विचारून घ्या.

पहिल्याच रविवारी पाहुणा म्हणून दोन शब्द बोलायला उभं करतील. दुभाष्या असेल तर एक वाक्य बोलून थांबा. लांब वाक्य झालं की त्याच्या हातून अर्ध निसटतं. वडीलधाऱ्यांशी हात मिळवताना डाव्या हातानं आपल्या उजव्या मनगटाला आधार द्या, तो तिथला आदर आहे. कुणाकडे गेलात तर आधी घरच्यांची विचारपूस, मग काम.

प्रश्न: आम्ही स्वतः कापूस पिकवणाऱ्या साध्या घरचे. तिथे लोकांनी पैसे मागितले तर?
– वाचक भगिनी, ता. केळापूर

उत्तर: मागतील, ताई. परदेशातून आलेल्या माणसाकडे पैसा असतोच, असं तिथेही समजतात. शाळेची फी, दवाखान्याचा खर्च ही मागणी खरी असते, म्हणूनच नाही म्हणणं जड जातं. तरीही पहिले सहा महिने एकट्यानं कुणाला रोख देऊ नका आणि “बघते” असंही म्हणू नका. तो होकारच समजला जातो. मागणी मंडळीच्या पंचांपुढे न्या. कोणाला खरी नड आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि तुम्ही दोन वर्षांनी परतलात तरी देणारे हात तिथेच राहतात. जीव धोक्यात असेल तर मात्र पंचांची वाट बघू नका: माणसाला सोबत घेऊन दवाखान्यात जा आणि बिल तिथेच भरा.