फोटोतली सायकल आधी मोजून बघ

प्रिय मित्रा,

तुला घ्यायच्या असलेल्या जुन्या रोड बाइकचे तू पाठवलेले दोन्ही फोटो काल रात्री नीट बघितले. लाल सायकल देखणी आहे, रंगही मूळचाच दिसतो, आणि तुझा जीव तिच्यावर जडलाय हे पत्रातून कळतंच. तरी ती घेऊ नकोस. ती तुझ्या मापाची नाही. निळीबद्दल शेवटी लिहितो.

लाल सायकल लहान आहे हे फोटोवरून कसं ओळखलं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुझं तूच ओळखशील. रोड बाइकच्या नेहमीच्या, ७०० सी म्हणतात त्या चाकाच्या रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर असतो. त्यावर २५ मिलिमीटर रुंदीचा टायर चढवला की चाक बाहेरून साधारण ६७ सेंटीमीटर भरतं. म्हणजे प्रत्येक फोटोत मोजपट्टी आधीपासून ठेवलेलीच आहे. फोटो लहानमोठा करत अशा आकाराला आण, की चाक तुझ्या पट्टीवर बरोबर ६७ मिलिमीटर भरेल. आता पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे सायकलवरचा एक सेंटीमीटर. मग बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅडलचा आस बसतो त्या जागेच्या, मध्यापासून सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंत मोज. लाल सायकल ५८ भरली, तुला हवी ६४-६६ च्या आसपासची, तो हिशोब पुढे देतो. या मापात एक-दीड सेंटीमीटरची चूक होऊ शकते, सात-आठची होत नाही. फोटो मात्र अगदी बाजूने, सायकलच्या मध्याच्या उंचीवरून आणि जरा लांबून काढलेला हवा. तिरक्या फोटोवर विसंबू नकोस, दुसरा मागून घे. आणखी एक. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ सायकलींना २७ इंची चाकं असतात. त्यांच्या रिमचा व्यास ६३० मिलिमीटर आणि टायर जाड, त्यामुळे चाक ६९ सेंटीमीटरच्या आसपास जातं. टायरच्या अंगावर आकडा छापलेला असतो, तो विकणाऱ्याला वाचून दाखवायला सांग.

पट्टी नसली तर हेड ट्यूबकडे, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीकडे, बघ. लहान फ्रेममध्ये आडवी दांडी आणि खालची तिरकी नळी पुढे येऊन जवळजवळ एकमेकींना भिडतात. तुझ्या मापाच्या फ्रेममध्ये त्या दोन जोडांच्या मधे आडवा पंजा सहज मावतो. एकदा डोळा बसला की शंभर फोटोंतून मोठी फ्रेम आपोआप वेगळी दिसते.

आता तुझं स्वतःचं माप. तू उंची लिहिली आहेस, सहा फूट सहा इंच. तेवढ्याने काही ठरत नाही. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभा राहा, पाय थोडे फाकव, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मधे धरून सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितकं वर दाब, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांग. तीनदा मोज. समजा ९८ सेंटीमीटर आलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की ८६.५ येतात, ही बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लमाँड आणि त्याचा प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्यामुळे हे गुणोत्तर सगळीकडे पोचलं. फ्रेमसाठी त्याच ९८ ला ०.६५ ते ०.६७ ने गुण, म्हणजे ६४ ते ६६. हे माप मध्यापासून मध्यापर्यंतचं. काही कारखाने मध्यापासून नळीच्या टोकापर्यंत मोजतात, तिथे आकडा एक-दीड सेंटीमीटरने फुगतो. म्हणून ‘६४ ची आहे’ एवढं ऐकून कधी निघू नकोस. कुठून कुठपर्यंत मोजली ते विचार. आकडा इंचांत असेल तर २५ इंच म्हणजे ६३.५ आणि २६ इंच म्हणजे ६६ सेंटीमीटर हे लक्षात असू दे.

एवढ्या मोठ्या आकड्याची भीती वाटेल. ६६ ची फ्रेम असली तरी आडवी दांडी जमिनीपासून ९० सेंटीमीटरच्या जवळपास असते. तू दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभा राहिलास तरी खाली भरपूर जागा उरते.

लहान फ्रेम ‘सीट वर घेतली की झालं’ असं म्हणून गळ्यात मारली जाते. मलाही मारली गेली होती. तुझ्याच वयाचा होतो, उंचीही तुझ्याएवढीच, आणि फ्रेम ५९ ची. सीट माझ्या उंचीला न्यायची तर पोस्ट, म्हणजे सीट धरणारी नळी, वर ओढावी लागली, इतकी की त्यावर कोरलेली किमान खोलीची खूण नळीच्या बाहेर आली. दोन-तीन महिने चालवली. एका चढावर बसूनच जोर लावत होतो, खालून टक् असा आवाज आला. उतरून बघितलं तर सीट लगच्या, म्हणजे सीट ट्यूब आणि दांडी जुळतात त्या जोडाच्या, मागे, पोस्ट आवळायच्या बोल्टच्या जरा खाली, केसाएवढी बारीक रेघ. रंग फुटल्यासारखी दिसत होती. नख फिरवलं तर नख अडकलं. पोस्टचं खालचं टोक नळीत जेमतेम तीन बोटं होतं, आणि माझं सगळं वजन तरफेसारखं त्या जोडाला आतून उचकटत होतं. ती फ्रेम तिथेच संपली. लाल सायकलवर तुझा हिशोब करून बघ. सीट ८६.५ वर न्यायची, फ्रेम ५८ ची, सीटच्या जाडीचे पाच वजा केले तरी पोस्ट २३ सेंटीमीटर बाहेर. जुन्या काळच्या बहुतेक पोस्ट टोकापासून टोकापर्यंतच साधारण २०-२२ सेंटीमीटरच्या असत. आजच्या लांब पोस्ट मिळतात, हे खरं. पण सीट वर गेली तरी हँडल खालीच राहतं. मग मान, मनगटं आणि कंबर हिशोब चुकता करत राहतात.

जुन्या मोठ्या फ्रेमचं खरं मोल या हँडलच्या उंचीत आहे. त्या काळी फ्रेम एक-एक, दोन-दोन सेंटीमीटरच्या टप्प्याने मिळत. दांडी आडवी असल्यामुळे सीट ट्यूब जितकी वाढे तितकीच हेड ट्यूबही वाढे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डिझायनर माइक बरोज यांच्या कल्पनेतून जायंट कंपनीची टीसीआर ही सायकल आली, दांडी मागे उतरती झाली, आणि थोड्याच साइजांत सगळ्यांना बसवण्याची पद्धत रूढ झाली. मधल्या उंचीच्या माणसांना त्याने फारसा फरक पडला नाही. आपल्यासारख्यांना पडला.

पण जुन्या फ्रेमचीही एक खोट आहे, आणि ती विकणारा सांगत नाही, कारण बहुतेकदा त्यालाच ठाऊक नसते. सीट ट्यूब वाढत गेली तशी आडवी दांडी लांबत गेली नाही. ६५ च्या फ्रेमला पुष्कळदा ५९-६० चीच दांडी असते. त्यामुळे उंची बरोबर, पण पुढे गुडघे हँडलला लागतील की काय असं वाटावं इतकी आखूड. म्हणून दुसरं माप नेहमी माग: सीट ट्यूबच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या मध्यापर्यंत, दांडीच्या रेषेत. तुझं धड लांब असेल तर ६० च्या आत समाधान मानू नकोस. एक-दोन सेंटीमीटर कमी पडले तर १३ किंवा १४ सेंटीमीटरचा स्टेम, म्हणजे हँडल पुढे धरणारा भाग, लावून भरून निघतात, त्याहून जास्त नाही. सीट ट्यूबचा कोनही बघ. तुझ्या सीटच्या उंचीवर एका अंशाच्या फरकाने बसायची जागा दीड सेंटीमीटर पुढेमागे होते. ७४ अंशांची उभी फ्रेम लांब मांड्यांच्या माणसाला सीट कितीही मागे सारली तरी पुढेच ढकलते. मला विचारशील तर ७२ चांगली.

शोधायचं कुठे? डच बनावटीपासून सुरुवात कर. नेदरलँड्सची माणसं जगातल्या सर्वांत उंच माणसांत मोडतात, आणि तिथल्या कारखान्यांना मोठी फ्रेम अपवाद वाटत नव्हती. डीरनची गझेल, हेरेनव्हेनची कोगा-मियाता ही नावं शोधताना पाठ असू देत. दुसरी खाण म्हणजे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींची लाट आली तेव्हापासून पुढची दहा-पंधरा वर्षं. त्या बाजारासाठी २५ इंची फ्रेम पुष्कळ बनल्या, त्याहून मोठ्याही काही. तिथे ‘रेसिंग’ एवढाच शब्द धरून बसू नकोस. दूरच्या प्रवासासाठी बनवलेल्या टूरिंग फ्रेम मोठ्या मापात जास्त सापडतात, त्यांचे कोन निवांत असतात, जाड टायर मावतो, आणि हँडल खाली वळलेलं असल्यामुळे बघणाऱ्याला ती रोड बाइकच वाटते. इटालियन नावांचा मोह सगळ्यांना असतो, मलाही आहे. मिळाली तर घे, पण तिच्या मागे वर्षं घालवू नकोस.

आता डुगडुगण्याबद्दल लिहितो, कारण ते कुणी तुला आधी सांगणार नाही. उतारावर वेग वाढला की मोठ्या फ्रेमची सायकल कधी कधी हँडलपासून थरथरू लागते, आणि थरथर वाढतच जाते. जुन्या पोलादी फ्रेमची आडवी दांडी एक इंच जाड, २५.४ मिलिमीटर. साइज कुठलीही असो, जाडी तीच. फ्रेम उंच झाली की तीच बारीक नळी जास्त पिळवटते. असं झालं तर हँडल करकचून धरायचं नाही. दोन्ही गुडघ्यांनी दांडी आवळ, सीटवरून वजन थोडं उचल, आणि ब्रेक हळूहळू लाव. थरथर विरते. हे सपाटीवर दांडी आवळून आधी दोन-चारदा करून बघ, म्हणजे वेळ आल्यावर पाय आपोआप जवळ येतील. हेडचं बेअरिंग ढिलं असेल किंवा चाक सरळ फिरत नसेल तर हा त्रास वाढतो, म्हणून आधी तेच तपास.

फ्रेम निवडतानाही याचा विचार हवा. इटालियन कंपनी कोलंबसच्या पोलादी नळ्यांमध्ये एसएल हलकी, टोकांना ०.९ आणि मधे ०.६ मिलिमीटर जाडीची. एसपी तशीच, पण टोकांना १.० आणि मधे ०.७. मोठ्या फ्रेमला एसपी असेल तर मला आनंद होतो, थोडं वजन वाढलं तरी. नळीचा पत्रा तेवढाच ठेवून व्यास वाढवला तर ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २५.४ च्या जागी २८.६ ची दांडी आली की जवळजवळ चाळीस टक्के फरक पडतो. म्हणूनच १९८३ पासूनच्या कॅननडेलच्या जाड अल्युमिनियम नळ्यांच्या सायकली उंच माणसांनी जपून ठेवल्या आहेत. त्या जरा कडक चालतात, पण उतारावर डुलत नाहीत.

बघायला जाशील तेव्हा खिशात सुतळी आणि मोजपट्टी ठेव. मागच्या चाकाच्या एका ड्रॉपआउटपासून, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून, सुतळी पुढे ने, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आण. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं यायला हवं. एक-दोन मिलिमीटर चालतील. मग हेड ट्यूबच्या लगेच मागे, दांडीच्या आणि तिरक्या नळीच्या खालच्या अंगावरून बोट फिरव. समोरून धडक बसली असेल तर तिथे सुरकुती किंवा फुगवटा हाताला लागतो, डोळ्याला दिसेलच असं नाही. पोस्ट आणि स्टेम सैल करून हलवून दाखवायला सांग. मोठ्या फ्रेम फार माणसांच्या हातून जात नाहीत, वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या असतात, आणि आत पोस्ट गंजून धरलेली असते. ‘थोडं तेल टाकलं की निघेल’ असं म्हणाले तर निघाल्यावर येतो म्हण.

फ्रेंच सायकल असेल तर स्टेम २२.२ ऐवजी २२.० चा लागतो आणि बॉटम ब्रॅकेटचे आटेही वेगळे, सुटे भाग शोधताना दमछाक होते. पहिली सायकल म्हणून टाळ. चाकं ३६ तारांची असू देत. क्रँक, म्हणजे पॅडल ज्यावर बसतं तो दांडा, लांब हवी हे तुझं बरोबर आहे, इटालियन कॅम्पानोलो कंपनीच्या जुन्या भागांत १८० मिलिमीटरपर्यंतची मिळते, पण वळणावर पॅडल रस्त्याला घासू शकतं. सुरुवात १७५ वर कर, बाकी नंतर.

तू विचारलंस की एवढ्या उंच माणसाने रोड बाइकचा नाद धरावा का. इटालियन सायकलपटू एरोस पोली १.९४ मीटर उंच होता. १९९४ च्या टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या पायथ्याशी तो वीस मिनिटांहून जास्त आघाडी घेऊन एकटा पोचला, डोंगरावर त्यातली बरीच गमावली, आणि तरीही कारपाँत्राला पहिला आला. त्या डोंगरावर त्याच्या अंगकाठीच्या माणसाने जिंकावं असं कुणालाच वाटलं नव्हतं. धर नाद.

निळ्या फ्रेमचा फोटो मी चाक ६७ मिलिमीटरवर आणून मोजला. सीट ट्यूब ६५ भरली. हेड ट्यूबही चांगली लांब दिसते. पण कॅमेरा जरा पुढच्या चाकाकडे झुकलेला आहे, त्यामुळे दांडीच्या लांबीवर माझा विश्वास नाही. विकणाऱ्याला आज संध्याकाळीच विचार: दांडी मध्यापासून मध्यापर्यंत किती, पोस्ट हलते का, आणि हेड ट्यूबच्या मागचा, खालून काढलेला एक फोटो. तुझं पुस्तकाचं माप त्यासोबत कळव. दांडी ५९ च्या वर असली आणि पोस्ट हलत असली, तर बघायला आपण दोघं मिळून जाऊ. सुतळी मी आणतो.

तुझा,
काका