बेलेमला पुढच्या वेळी जा, आधी दिवाळ्याच्या जेट्टीवर ये

अगं, तुझा मेसेज काल वाचला, आज ट्रेनमध्ये परत वाचला. कॉपला, म्हणजे यूएनच्या हवामान परिषदेला, ब्राझीलच्या बेलेमपर्यंत सगळी दुनिया पोचली, तुझ्या बॅचचा एकजण पण गेला, आणि तू ऐरोलीत बसून एजन्सीच्या बातम्या मराठीत करतेयस म्हणून वैतागलीयस. कळतं मला. पण खाडी तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि तिच्यावर तू आजवर एक ओळ लिहिली नाहीयेस (फ्लेमिंगोचे रील्स धरत नाही मी).

माझी फजिती सांगतो. बातमीदारीत नवीन होतो, बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या जेट्टीच्या पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या बघितल्या आणि समुद्र वाढला म्हणून दणक्यात बातमी ठोकली. दुसऱ्या दिवशी मासळीवाली मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "काल पुनव व्हती रं, उधान नाय येनार त काय?" तेव्हापासून तिथी बघितल्याशिवाय पाण्यावर लिहीत नाही. समुद्र वाढतोय हे खरंच आहे, पण वर्षाला काही मिलिमीटर, आणि आपल्याकडे भरती-ओहोटीचा फरक मीटरांत, तो एका फोटोत कसा दिसणार?

उलटी चूक पण करू नकोस. 16 एप्रिल 2023, खारघरचा पुरस्कार सोहळा आठव. उष्माघाताने 14 माणसं गेली हा सरकारी आकडा, आणि तापमान साधारण 38 अंशांच्या घरात. लोक म्हणाले एवढं तर नेहमीच असतं. पण दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, नुसतं थर्मामीटर बघून हे कळत नाही. नंतर वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशनच्या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की भारत-बांगलादेशातल्या त्या दमट उष्म्याची शक्यता हवामानबदलामुळे किमान 30 पट वाढली होती. हे लिहायचंच. पण भर दुपारी लाखो माणसं उघड्या मैदानात बसली होती, सावली किती, पाणी किती, हे पण त्याच बातमीत विचारायचं, नाहीतर हवामानबदल हा सगळ्यांना सुटायला सोयीचा आरोपी होतो.

आणि लोकल पेपरला कमी समजू नकोस गं. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात काय शिजतंय ते पत्रकार राजकुमार केसवानींनी 1982 पासून छोट्याशा हिंदी साप्ताहिकात लिहिलं होतं. कोणी मनावर घेतलं नाही, 1984 ला गॅसगळतीत काय झालं ते तुला माहितीय.

तुझ्यासाठी विषय हेरून ठेवलाय, धारण तलाव. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली, म्हणून शहर वसवणाऱ्या सिडकोने हे तलाव केले. भरतीला खाडीकडची झडपं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. आता तलावांत गाळ भरलाय, गाळात कांदळवन वाढलंय, आणि कांदळवनाला हायकोर्टाच्या 2018 च्या निकालाचं संरक्षण आहे, म्हणजे गाळ काढायचा तर झाडं आड येतात आणि नाही काढला तर लोकांच्या घरात पाणी. यात व्हिलन शोधत बसलीस तर बातमी हातची जाईल. पालिकेचा इंजिनिअर, कोळीवाडा, पर्यावरणवाले, तळमजल्यावरचे रहिवासी, सगळ्यांकडे जा, आणि पावसाळ्याच्या आधी एकदा, मधे एकदा, नंतर एकदा जा, तारखा टाकून वहीत लिहून ठेव.

येत्या अमावस्येला भरतीची वेळ बघून दिवाळ्याला ये. मी जेट्टीवर असेन. चांगले शूज घालून येऊ नकोस, चिखल असतो.

तुझा,
काका