सादृश्य, साधर्म्य आणि तोतया

प्रश्न असा : फुलपाखरांच्या यादीत ‘दिसायला सारखी जात’ या रकान्याला एका शब्दात काय म्हणावं? साम्य, साधर्म्य, सादृश्य की नक्कल? आणि तो भरायचा कसा?

माझं मत सादृश्याला. त्यात ‘दृश्’ धातूच बसलाय, म्हणजे बोलणं फक्त दिसण्याचं. साधर्म्य म्हणजे गुणधर्म सारखे असणं. बिबळ्या कडवा, म्हणजेच प्लेन टायगर, आणि कॉमन क्रो हे दोघेही पक्ष्यांना नकोसे, कडवट. हे साधर्म्य झालं. पण एक नारिंगी आणि दुसरा काळपट तपकिरी, सादृश्य शून्य. साम्य हा शब्द सैल आहे. कशात साम्य ते दरवेळी सांगावं लागतं.

आता नोंद. छोटा चांदवा म्हणजे डॅनेड एगफ्लाय हे फुलपाखरू. ‘छोटा चांदवा बिबळ्या कडव्यासारखा दिसतो’ हे वाक्य निम्मं चूक आहे. चांदव्याचा नर काळा, त्यावर जांभळ्या झळाळीच्या कडांचे पांढरे चट्टे. कडव्यासारखी दिसते ती फक्त मादी. म्हणून जातीचं नाव लिहून थांबू नये. लिंग, रूप (एकाच जातीत दिसणाऱ्या वेगवेगळ्या रंग-नक्षींपैकी कोणती) आणि पंखाची बाजू (वरची की खालची) लिहावी, आणि शेजारीच फरकाची खूण. इथली खूण मागच्या पंखावर आहे : कडव्याच्या मादीला मधोमध तीन काळे ठिपके, नराला चार, चांदव्याच्या मादीला पुढच्या कडेपाशी एकच. फोटोत पुढच्या पंखाने तो भाग झाकला, तर ओळख तिथेच अडते.

रूप का लिहायचं, ते कॉमन माइमवरून कळतं. याचं एक रूप कॉमन क्रोसारखं, दुसरं ब्लू टायगरसारखं. रूप गाळलं की यादी वाचणारा क्रो आणि ब्लू टायगरलाही एकमेकांसारखे ठरवून मोकळा! सादृश्य असं साखळीने पुढे सरकत नाही.

राहिली नक्कल. सादृश्य दुतर्फा असतं : अ ब-सारखा, तर ब अ-सारखा. नकलेला दिशा असते, आणि त्यासाठी आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला. भाऊ कुणाचे तोतये नव्हते. कॉमन मॉरमॉनच्या मादीचं एक रूप क्रिमझन रोझचं तोतया : रोझ विषारी आणि अंगाने लाल, मॉरमॉन बिनविषारी आणि अंगाने काळी. इंग्रज निसर्ग-अभ्यासक हेन्री बेट्स यांनी १८६२ मध्ये मांडलेला प्रकार तो हाच.

पण ‘तोतया’ हा निष्कर्ष आहे, निरीक्षण नव्हे, म्हणून त्याचा रकाना वेगळा ठेवावा. ब्लू टायगर आणि ग्लासी टायगर दोघेही खरेच कडवट आहेत. त्यांच्यापुढे सादृश्य लिहावं, दोन्ही जातींच्या नोंदीत. तोतयाचा रकाना रिकामा.