टॅपेट तपासायला एवढे पैसे कशाचे?

प्रश्न : माझ्याकडे २०१७ ची केटीएम ३९० ड्यूक आहे. ३२ हजार किलोमीटर झालेत. गाडी छान चालते, इंजिनातून कसलाही आवाज नाही. सर्व्हिसला दिली तेव्हा व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासण्याचे साडेचार हजार सांगितले, वर शिम बदलाव्या लागल्या तर वेगळे पैसे. वडिलांच्या स्प्लेंडरचं टॅपेट आमच्या गल्लीतले फिटर दीडशे रुपयांत करून देतात. काम एकच असताना एवढा फरक का? आणि आवाज नसेल तर तपासायचं तरी कशाला?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक, असं गॅरेजमध्ये येणारे निम्मे लोक धरून चालतात आणि मला त्याची काळजी वाटते. टॅपेट तपासणं म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह (झडप) आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यातला बारीकसा गॅप, म्हणजेच क्लिअरन्स, मोजणं. गॅप वाढला की टॅपेट वाजतं, पण गॅप कमी झाला की ते गप्प बसतं. तुमच्या गाडीसारख्या इंजिनात बहुतेक वेळा गॅप कमीच होत जातो. व्हॉल्व्ह मिटताना ज्या कड्यावर टेकतो त्या सीटवर आपटून आपटून दोघांचेही काठ झिजतात, व्हॉल्व्ह कणाकणाने वर सरकतो आणि रॉकरला भिडायला लागतो. गॅप पुरता संपला की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता तो सीटला टेकलेला असतानाच हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, उतरते. टेकायलाच मिळालं नाही तर काठ जळतो आणि कॉम्प्रेशन जातं. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागणं, सिग्नलला गाडी बंद पडणं ही लक्षणं त्यानंतरची. ती दिसेपर्यंत थांबलात तर तपासणीच्या बिलाऐवजी हेड उतरवण्याचं बिल येईल, व्हॉल्व्ह आणि सीटकटिंगसकट. म्हणून आवाजावर जाऊ नका. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला गॅप मोजून घ्या.

आता पैशाचं. स्प्लेंडरला हेडवरच्या दोन टोप्या उघडायच्या, मॅग्नेटच्या खिडकीतून 'टी'ची खूण जुळवायची, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आलाय ना हे दोन्ही रॉकर हलवून बघायचं, मग लॉकनट सैल करून स्क्रू फिरवायचा. व्हॉल्व्ह दोनच. मोजणं आणि दुरुस्त करणं एकाच जागी, एकाच हाताने होतं. त्यातही चांगला फिटर नट आवळताना स्क्रू धरून ठेवतो आणि आवळल्यावर फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, परत घालून बघतो, कारण नट आवळताना गॅप हलतो. तुमचे फिटर असं करत असतील तर दीडशे रुपयांत ते तुमच्यावर उपकारच करतायत.

तुमच्या ड्यूकला चार व्हॉल्व्ह, वर ते उघडणारे दोन कॅमशाफ्ट (फिरते दांडे), आणि फिरवायला स्क्रूच नाही. गॅप ठरतो तो व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसलेल्या शिमने, म्हणजे छोट्याशा पोलादी चकतीने. नुसतं तिथवर पोचायला सीट, टाकी, तिच्याखालचे होस आणि वायरिंग, मग हेड कव्हर एवढं सगळं उतरवावं लागतं. इंजिन पूर्ण थंड हवं. जपानी मॅन्युअलांत ३५ अंशांच्या खाली असं लिहिलेलं असतं, आणि आमच्या कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यात दुपारी शेडमधलं लोखंडच तेवढं तापतं. म्हणून अशी गाडी मी आदल्या संध्याकाळीच ठेवून घेतो आणि सकाळी पहिलं काम तिचं करतो. तुम्ही पैसे देता ते या पोचण्याचे आणि थांबण्याचे. फिलर गेज आत घालायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

गॅप मॅन्युअलच्या मर्यादेत बसत नसेल तर पुढचं काम वेगळं, आणि जोखमीचं. कॅम फिरवणारी आतली चेन ताणून धरणारा टेन्शनर सोडायचा, कॅमशाफ्ट बाहेर काढायचे, शिम काढून मायक्रोमीटरने मोजायची. परत बसवताना कॅमच्या खुणा एक दात जरी चुकल्या तरी टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, जातं. कॅमवरचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचे, कारण खालचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. एखाद्याने जोर लावून आटे मारले की हजारांचं काम अनेक हजारांवर जातं. म्हणून तपासणी आणि शिम बदलणं यांचे पैसे वेगळे सांगितले हे मला योग्यच वाटतं. सरसकट एक आकडा सांगणाऱ्यापेक्षा हा हिशेब स्वच्छ आहे.

पण पैसे देताना एक गोष्ट हक्काने मागा : चारही व्हॉल्व्हचे मोजलेले आकडे, कागदावर लिहून. नुसतं 'चेक केलं, ओके आहे' हे उत्तर घेऊ नका. ज्याने खरंच मोजलंय त्याच्याकडे आकडे असतातच. कागद जपून ठेवला तर पुढच्या वेळी कुठला व्हॉल्व्ह किती सरकला ते कळतं. दोन तपासण्यांत आकडे जागचे हलले नसतील तर तुम्ही निर्धास्त.

शिमचा हिशेब स्वतःही ताडून बघता येतो. जुन्या शिमच्या जाडीत मोजलेला गॅप मिळवा आणि हवा असलेला गॅप वजा करा. समजा जुनी शिम २.५० मिमी, गॅप निघाला ०.१० आणि हवाय ०.१८, तर उत्तर येतं २.४२. ०.०५ च्या टप्प्याने येणाऱ्या संचातली २.४० ची टाकली की गॅप ०.२० होईल. तो मॅन्युअलच्या मर्यादेत बसतो का, एवढं बघायचं. काही जण जुनीच शिम पॉलिश पेपरवर घासून बारीक करतात. ते करू देऊ नका. शिमचा पृष्ठभाग मुद्दाम कडक केलेला असतो आणि हाताने घासलेली शिम सपाट राहत नाही.

तुम्हाला महाग वाटलं म्हणून एक सांगतो. डुकाटीच्या डेस्मो इंजिनात व्हॉल्व्ह मिटवायला स्प्रिंगऐवजी दुसरा रॉकर असतो. इंजिनिअर फाबिओ तालिओनी यांनी १९५६ मध्ये रेसच्या गाडीला ही रचना दिली. त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्हला उघडण्याचा एक आणि मिटण्याचा एक असे दोन गॅप. दोन सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा मोजमापं. पुढे याच कंपनीने मल्टिस्ट्राडा व्ही४ या गाडीला साध्या स्प्रिंग दिल्या आणि तपासणीचं अंतर ६० हजार किलोमीटरवर नेलं. मला तो निर्णय फार आवडला. रोज चालवायच्या गाडीत मालकाच्या खिशाचा विचार इंजिन आखतानाच व्हायला हवा.

प्रश्न : माझी २०१२ ची रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० आहे. एका गॅरेजमध्ये दर सर्व्हिसला बिलात 'टॅपेट सेटिंग' लावतात. बरोबर आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. आतल्या ऑईलच्या दाबाने ते गॅप आपोआप भरून काढतात, सेट करायला तिथे काहीच नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला पुशरॉडच्या (खालून रॉकर ढकलणाऱ्या दांड्याच्या) तळाशी सेटिंग करावं लागायचं, तीच सवय बिलात उतरली असावी. पुढच्या वेळी नेमकं काय सेट केलं ते समोर उभं राहून दाखवायला सांगा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर सुरू केल्यावर काही सेकंद टकटक होते, टॅपेटमध्ये ऑईल चढलं की ती थांबते. गरम झाल्यावरही थांबत नसेल तर आधी ऑईलची पातळी बघा, ऑईल किती जुनं आहे ते बघा, टॅपेटचा विचार त्यानंतर. तुमच्या भावाने किंवा मित्राने २०२१ नंतरची नवी क्लासिक घेतली असेल तर तिचं इंजिन निराळं आहे. तिला हे उत्तर लागू करू नका, तिच्या मॅन्युअलप्रमाणे जा.