नोकरी सोडून कोकणात होमस्टे काढला तर गाव आपलं मानतं का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातली नोकरी सोडून कोकणात चार खोल्यांचा होमस्टे काढायचाय, पैसे बेताचे मिळाले तरी चालतील पण निवांत जगायचंय, तर गावातले लोक सांभाळून घेतील का. मी आणि माझा नवरा २०१७ पासून दापोली तालुक्यात हेच करतोय म्हणून सांगते.

घेतात, पण गरज आपल्याला आहे हे आधी आपल्याला कळायला लागतं. आम्हाला उलटंच वाटायचं, आपण चार जणांना काम देणार, म्हणजे गावाचं भलंच होणार.

पहिल्याच वर्षी आम्ही चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला आणि गेट लावलं. जागेच्या कोपऱ्यातून एक पायवाट खाली पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, जायची, सातबाऱ्यावर तिचा काही उल्लेख नाही, मग ती आपलीच जागा ना. भांडायला कोणी आलं नाही. फक्त दूध यायचं बंद झालं, स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना रोज घरी काहीतरी काम निघायला लागलं, नारळ पाडणारा उद्या येतो म्हणाला तो आलाच नाही. दोन महिने गेले आणि एक दिवस शेजारच्या आजी डोक्यावर कपड्यांचं बोचकं घेऊन गेटपाशी उभ्या, म्हणाल्या, "आता पऱ्यावर कुठून जायाचं गो बाय?" मला खूप लाज वाटली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने स्वतःच्या हाताने चिरे काढले, ती वाट आजही वापरात आहे.

मग ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. आमचे पत्रे उडाले, दारातला फणस एका खोलीवर आडवा, लाईट तर कितीतरी दिवस नव्हती. वाडीतल्या लोकांची स्वतःची कौलं गेलेली, पोफळीच्या बागा झोपलेल्या, पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई ती, तरी तिसऱ्या दिवशी सात-आठ जण कोयते, करवती घेऊन आले आणि फणस तोडून दिला. पैसे विचारायचं माझ्या तोंडून निघेना. पुढे महिनाभर नवरा त्यांच्या घरांवर कौलं चढवायला जात होता.

जमिनीचं म्हणाल तर घरात कोणी शेतकरी नसेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, एजंट काहीही सांगू दे. आणि विकत घेण्याआधी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन या. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली, नंतर कासव महोत्सव सुरू झाला, आणि पाहुणे गावकऱ्यांच्याच घरात उतरतात, त्यांच्याच चुलीवरचं जेवतात. कासव पण त्यांचं आणि पाहुणा पण त्यांचा. आपण बाहेरून येऊन ते उभं करू शकत नाही, पण जास्तीची बुकिंग शेजारच्या घरात पाठवू शकतो, मी पाठवते, आणि मासे, कोकम, पापड सगळं वाडीतूनच घेते, डी-मार्टला स्वस्त मिळालं तरी.

माझं ऐका, आधी जून ते सप्टेंबर भाड्याने राहा, पाऊस, चिखल, लाईट नाही, रेंज नाही, तेव्हा शेजारी कोण ते कळतं. आणि शिमग्यात पालखी घरोघरी येते त्या दिवसांत बुकिंग घेऊ नका, अंगण सारवून घ्या, नारळ आणून ठेवा आणि घरीच थांबा.