‘बघू’ म्हणजे नक्की काय?

तुळशीचं लग्न जवळ आलं की माझ्याकडे समुपदेशनाला एक वाक्य हमखास येतं. “मॅडम, साखरपुडा झालाय, पण आता मनाला पटत नाहीये.” घरी कुणाला याचा पत्ता नसतो. तिथे याद्या चाललेल्या असतात, हॉलचा ॲडव्हान्स गेलेला असतो, मावशीने केळवणाचा रविवारही धरून ठेवलेला असतो.

ती अशीच एकटी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय 27, नोकरी पुण्यात कल्याणीनगरला. तो चाकणच्या कारखान्यात, मूळचा सांगलीकडचा. रीतसर कांदेपोहे, दोन भेटी, साखरपुडा. तक्रार एका शब्दाची.

“काहीही विचारा, ‘बघू’ म्हणतो. लग्नानंतर राहायचं कुठे? बघू. मी आईला पैसे देते, ते चालू ठेवू ना? बघू. त्याला हे लग्नच नकोय.”

“तो ‘बघू’ म्हणाला, इतकं घडलं. ‘लग्न नकोय’ हे कोण म्हणालं?”

ती गप्प. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून ज्या पायावर काम उभं केलं तो हाच: माणसाला घटनेपेक्षा तिचा लावलेला अर्थ जास्त छळतो. मीही इतकी वर्षं त्याच पायावर उभी आहे.

“तुमच्या घरी ‘बघू’ कोण म्हणायचं?”

“बाबा. सहलीचे पैसे मागितले की बघू. म्हणजे नाहीच. आम्ही बहिणी परत विचारायचोच नाही.”

पुढच्या वेळी त्याला बोलावलं. कबूल करते, घरच्यांनी बळेच उभं केलेला मुलगा असणार, असं मी मनात धरूनच बसले होते. एकट्याला तसं विचारलंही. तो दचकलाच. “नाही हो मॅडम, मीच होकार दिलाय.” म्हणजे अर्थ लावण्याची घाई मीही केली होती.

मग दोघांना समोर बसवून त्यालाही तोच प्रश्न विचारला.

“आमचे अण्णा म्हणायचे. उसाचं बिल कायद्याने 14 दिवसांत यायला हवं, आमच्याकडे कधी दोन-दोन महिने यायचं नाही. त्यामुळे अण्णा ‘हो’ कधीच म्हणायचे नाहीत. ‘बघू’ म्हणायचे, आणि मग करायचेच. माझी सायकल, ताईची फी, सगळं ‘बघू’मधूनच आलं. शब्द देऊन मोडणं आमच्यात फार वाईट.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “मग घराचं ‘बघू’ म्हणालास ते?”

“मोशीत तीन फ्लॅट बघून आलो होतो. भाडं जमेना, म्हणून बोललो नाही.”

पूर्वी मी अशा वेळी काहीतरी समजावत बसले असते. त्या दिवशी पाणी प्यायला म्हणून उठले आणि मुद्दाम वेळ लावला.

नंतर दोघांना एकेक काम दिलं. त्याने ‘बघू’ खुशाल म्हणावं, पण सोबत तारीख सांगावी. तिने अर्थ लावण्याआधी ‘म्हणजे काय?’ असं विचारावं, आणि तेही रात्री अकराला व्हॉट्सॲपवर नाही, समोरासमोर. पाहण्याच्या कार्यक्रमात आपण पत्रिका, पॅकेज सगळं विचारतो. ‘तुमच्या घरात कुणी चिडलं की काय होतं?’ हे मात्र विचारत नाही. पगारातला किती हिस्सा कुणाकडे जाणार, घर कुठे घ्यायचं, आई-वडील आजारी पडले तर कोण जाणार, हे साखरपुड्याआधीच आकड्यांसकट बोलून घ्यावं.

मात्र प्रत्येक शंका अशी विरघळत नाही, विरघळवूही नये. फोन उचलला नाही म्हणून आरडाओरडा, मैत्रिणींना भेटायला बंदी, लपवलेलं कर्ज किंवा आजार, ‘मुलीला हौसेने द्या’ म्हणून हातात ठेवलेली यादी, इथे समजून घेत बसू नका. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे आणि तो देणाऱ्यालाही सोडत नाही. हॉलचा ॲडव्हान्स बुडाला तर बुडू द्या.

या दोघांचं भांडण त्यानंतरही झालं, त्याच्या बाजूची मोशी की तिच्या बाजूची खराडी यावरून. घर शेवटी विश्रांतवाडीत मिळालं. भाडं ठरवल्यापेक्षा दोन हजारांनी जास्त पडलं. ते कुणी भरायचं हे ठरवायला दोघं आणखी एकदा येऊन गेली.