चांदीचे रुपये सापडलेत, विकू की ठेवू?

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत पंचम जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जचे काळे पडलेले रुपये सापडले. सराफ म्हणतो चांदीच्या वजनाने घेतो. आधी पॉलिश करून घेऊ का?

उत्तर: पॉलिश अजिबात नको! ना चिंच, ना टूथपेस्ट, ना पावडर. तो काळपटपणा म्हणजे नाण्याची मूळ स्किन आहे, घासलेलं नाणं चकाकतं पण कलेक्टर ते हातात घेऊन लगेच खाली ठेवतो. आता सालं बघा. 1939 पर्यंतच्या रुपयात जवळपास 92 टक्के चांदी आणि वजन 11.66 ग्रॅम, 1940 ते 45 वाल्यांत चांदी फक्त निम्मी, म्हणजे सराफाकडे सगळे एकाच भावात गेले तर हिशोब चुकलाच समजा. 1911 चा असेल तर बाजूला काढा, त्यात राजाच्या गळ्यातल्या माळेतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक भडकले होते आणि 1912 ला डिझाइन बदललं. आणि 1939 चा मिळाला तर मग काय, तो खरंच दुर्मिळ, म्हणूनच त्याच्या नकला पण खूप, वजन करा, लोहचुंबक लावून बघा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय कुणाशी भाव बोलू नका. बाकी झिजलेले कॉमन सालांचे रुपये चांदीच्या भावाच्या थोडं वरच जातात, त्यात लाखोंची स्वप्नं नकोत. ऑनलाइन जाहिरातींतले आकडे सोडा, लिलावात प्रत्यक्ष किती रुपयांना गेलं ते बघा, कमिशन वजा करून. आणि परदेशातला गिऱ्हाईक मिळाला तरी शंभर वर्षांवरचं नाणं बाहेर पाठवायला कायद्याने बंदी आहे हं.